पत्रा, पंखा आणि लेकीचा हात

मे महिन्याच्या दुपारी ठाकुर्लीतल्या आमच्या घराच्या भिंतीही तापतात. अशाच एका दुपारी लेकीचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडला. अकरावीत शिकणारी ही मुलगी त्यावरच प्रोग्रामिंगचा सराव करते. तिने कॅबिनेट उघडून दाखवले. आतली गरम हवा कोंडते, ती बाहेर काढायला वरच्या बाजूला ८० मिलिमीटरचा पंखा हवा. पंखा लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. पण पत्र्याला ७६ मिलिमीटरचे गोल भोक पाडायचे कशाने?

भोक आम्ही पाडतो, असे आम्ही म्हणताच ती हळूच म्हणाली, "अब्बा, मागच्या वेळचं विसरलात का?"

विसरलो नव्हतो. घरातल्या आधीच्या कॉम्प्युटरला आम्ही मदरबोर्ड न काढताच ड्रिल लावले होते. लोखंडाचा कीस बोर्डावर सांडला आणि चालू करताच तो कायमचा गेला. चूक घाईची होती, हत्याराची नव्हती.

या वेळी आम्ही दोघे धीम्या लोकलने मशीद बंदरला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे पाहिली. कॅबिनेटचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, म्हणून हत्यार तसेच हवे. पत्रा कापायच्या कात्रीने कड वाकते आणि लहान गोलाई नीट येत नाही. ग्राइंडर सरळ कापतो, गोल नाही. शिवाय ठिणग्यांनी रंग जळतो. होल सॉने भोक गोल येते, पण पातळ पत्र्यात त्याचे दात अडकले की मशीन मनगट पिरगाळते, आणि एका मापाचे एकच भोक पडते. निबलर पत्र्याचे बारीक तुकडे कुरतडत जातो, कड वाकत नाही. मात्र हात भरून येतो. निबलर घ्यावा असे आम्हाला वाटत होते.

लेक म्हणाली, "एका भोकासाठी कशाला? दादांच्या पेटीत सगळं आहे की."

आमचे वालिद चोळ्याच्या रेल्वे वीजकेंद्रात फिटर होते. त्यांच्या पेटीत हाताने फिरवायचे ड्रिल, सेंटर पंच, बारीक छिन्नी आणि अर्धगोल कानस अजून आहे. आम्ही चार मिलिमीटरचे दोन बिट तेवढे घेऊन परतलो.

असरनंतर काम सुरू झाले. आधी बोर्ड आणि सगळे सुटे भाग काढून दुसऱ्या खोलीत ठेवले. पत्र्यावर कागदी टेप चिकटवून तिने ७६ मिलिमीटरचे वर्तुळ आखले, त्याच्या आत ७१ मिलिमीटरचे दुसरे. आतल्या वर्तुळावर पाच-पाच मिलिमीटरवर पंचाने खुणा केल्या, म्हणजे बिट घसरत नाही. खाली लाकडी फळी ठेवली. मग आम्ही ड्रिलकडे हात नेला. तिने ते आधीच उचलले होते.

खरे सांगायचे तर आमच्या मनात तिच्यासाठी टॉर्च धरण्याचे काम होते. वर्गात मुलामुलींना सारखे प्रयोग करायला लावणारे आम्ही, घरी मात्र हत्यार मुलाचे समजत होतो. बोटाला लागेल ही भीती होतीच, पण तिच्याआड दुसरेही काही होते. टॉर्च आम्ही धरला.

चव्वेचाळीस भोके पडली. मधल्या पट्ट्या छिन्नीने तोडल्या, चकती खाली पडली. मग हातमोजे घालून तिने बाहेरच्या रेघेपर्यंत कानस मारली. स्क्रूची चार भोके एकमेकांपासून ७१.५ मिलिमीटरवर घेतली. कापलेल्या कडेवरचा जस्ताचा थर जातो आणि पावसाळ्यात तिथे गंज धरतो, म्हणून कडेला रंग लावला. कीस ओल्या फडक्याने पुसला, पत्रा वाळू दिला, पंख्यावर जाळी बसवली आणि मगच बोर्ड परत आत गेला.

मगरिबच्या अजानीआधी कॉम्प्युटर सुरू झाला. वरून गरम हवा बाहेर येत होती. लेकीने कानस पुसून, तेल लावून पेटीत ठेवली, अगदी तिच्या दादांसारखी. पेटीची किल्ली आम्ही तिच्याकडेच दिली आहे.