अकरा अंश डावीकडे

'सरळ' हा शब्द आपण मराठी माणसे फार सैल हाताने वापरतो. माणूस सरळ असतो, व्याज सरळ असते, आणि व्याकरणात विभक्ती लागण्यापूर्वीचे नामाचे रूपही सरळच असते. डोंबिवलीत कुणाला पत्ता विचारा. 'हे काय, सरळ जा!' असे सांगणारा गृहस्थ वाटेतली तीन वळणे आणि एक रिक्षातळ खुशाल गिळून टाकतो, आणि आपणही त्याला दोष देत नाही. सरळ म्हणजे नक्की किती सरळ, हा प्रश्न व्यवहारात कोणी कोणाला विचारीत नाही.

मोटारीत मात्र एक चिमुकला भाग आहे, आणि त्याला दुसरे कामच नाही. स्टिअरिंगच्या चकतीमागे, दांड्याला वेटोळे घालून तो बसलेला असतो आणि चक्र कुठे किती फिरले ते अंशाच्या दशांशापर्यंत मोजीत असतो. त्याचे नाव स्टिअरिंग अँगल सेन्सर. मी त्याला 'सुकाणू-कोनमापक' असे घरच्या घरी नाव दिले होते. कल्याणच्या मिस्त्रींना ते ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "ताई, एवढा मोठा पार्ट नसतो तो!"

त्या कोनमापकाशी माझी गाठ पडली ती सासूबाईंच्या डोळ्यांमुळे. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज येते आणि दर महिन्याला ठाण्याला नेऊन इंजेक्शन द्यावे लागते. लोकलची गर्दी आता त्यांना सोसत नाही. एरवी लोकलसारखे वाहन नाही. तिला सुकाणूच नसते! बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली, पुढच्या वर्षी १ मे रोजी ती कल्याणपर्यंत धावू लागली, आणि तेव्हापासून आजपर्यंत या मार्गावर एकाही चालकाला गाडी 'वळवावी' लागलेली नाही. तिची चाके आतल्या बाजूला जाड आणि बाहेर निमुळती घडवलेली असतात. जोडी एका अंगाला सरकली की त्या अंगाचा घेर मोठा पडतो आणि ती आपोआप मध्यावर येते. मोटारीच्या नशिबी हे सुख नाही.

तर, जुलैतल्या एका मंगळवारी आम्ही कल्याण-शीळ रस्त्याने निघून शीळफाट्यावरून मुंब्रा बायपासला लागलो. पाऊस मुसळधार. शेजारच्या डाव्या रांगेत कंटेनर लादलेला लांबलचक ट्रेलर. उजवीकडे वळण आले, मी नेहमीप्रमाणे चक्र फिरवले, आणि गाडीने अचानक डावीकडे ओढ घेतली. पायाखाली 'घर्र' असा आवाज झाला, समोर एक पिवळा दिवा लुकलुकला. त्यात गाडीचे चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. क्षणभरच. मी चक्र आवळून धरले, ट्रेलर पुढे गेला. सासूबाईंनी मागून विचारले, "खड्डा होता का ग?" मी 'हो' म्हटले. खड्डा नव्हता.

पुढच्या पंधरा दिवसांत हेच आणखी दोनदा झाले, आणि दोन्ही वेळा ओढ डावीकडेच. यांना सांगितले तर हे म्हणाले, "मी चालवतो तेव्हा काही होत नाही." यांचे चालवणे म्हणजे घरापासून भाजी मंडईपर्यंत आणि परत. त्या वेगात हत्तीवरच्या अंबारीलाही काही होणार नाही! मग एके दिवशी तो दिवा लागला तो लागलाच.

हा दिवा कशाचा ते मला तोवर ठाऊक नव्हते. गाडी घसरू नये म्हणून हल्ली एक व्यवस्था बसवलेली असते. बॉश आणि डेमलर-बेंझ यांनी मिळून ती तयार केली. बॉशकडचे तिचे प्रमुख शिल्पकार अँटन व्हॅन झँटेन. १९९५ मध्ये ती प्रथम मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आली आणि बहुधा श्रीमंतांचेच खेळणे राहिली असती. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार-नियतकालिकाने मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास गाडी चाचणीला घेतली. रस्त्यात एल्क, म्हणजे तिकडचे सांबरासारखे पण चांगले धिप्पाड जनावर, अचानक उभे राहिले तर चालक जसा झटकन एका बाजूला आणि परत वळेल, तशी ती वळवली. गाडी उलटली. जगभर बभ्रा झाला, कंपनीला विक्री थांबवावी लागली, आणि अखेर ही व्यवस्था त्या स्वस्त गाडीतही सरसकट बसवावी लागली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून सगळ्याच नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. आपल्याकडे एल्क नाही. पण शीळ रस्त्यावर रात्री बसणाऱ्या म्हशींनी त्याची उणीव भासू दिलेली नाही.

व्यवस्थेचे तत्त्व समजायला सोपे आहे. चालकाला कुठे जायचे आहे ते कोनमापक सांगतो. गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे ते दुसरा एक मापक सांगतो. तो गाडीच्या पोटात बसून तिचे गिरकणे मोजतो. या दोन साक्षी सेकंदाला पंचवीस वेळा ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्या नाहीत तर गाडी घसरते आहे असे समजून त्या त्या चाकाचा ब्रेक, चालकाला न विचारता, दाबला जातो. आता समजा, गाडी सरळ जात असताना कोनमापक म्हणतो आहे, 'बाई डावीकडे वळू पाहते आहे.' थोडीशी तफावत यंत्र मनावर घेत नाही; पण ती वाढली की बिनघसरत्या गाडीलाही ते सावरू लागते. ते सावरणे म्हणजेच माझी ती डावीकडची ओढ.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली. तिथे स्कॅनर लावला. त्यावर 'सी' अक्षराने सुरू होणारा क्रमांक उमटला. 'सी' म्हणजे दोष इंजिनात नसून गाडीच्या सांगाड्याशी संबंधित, एवढा त्याचा अर्थ. क्रमांक पुसला, दिवा विझला, बिल झाले. ओढीविषयी सांगितले तर काउंटरवरचा तरुण नम्रपणे हसून म्हणाला, "मॅडम, पावसात रस्ते असे असतात ना, त्यामुळे तुम्हाला तसं वाटतं." चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! या वेळी निदान असे की, सेन्सरच गेला आहे, पूर्ण संच बदलावा लागेल, बावीस हजार रुपये. गाडी कोणी चालवून पाहिली का, असे मी विचारले. गरज नाही, स्कॅनर सांगतो ना, असे उत्तर मिळाले.

इंजेक्शनची तारीख आली होती. त्या गाडीतून सासूबाईंना बायपासवर न्यायचे मला धैर्य होईना, आणि दुसरी सोय होईपर्यंत दहा दिवस गेले. तेवढ्यात त्या वर्तमानपत्राचा मथळा वाचताना एक डोळा झाकून घेऊ लागल्या. त्यांनी तक्रार केली नाही. पण मला ते दिसत होते. आणि खरेच, आपल्या हाताला जे कळते आहे ते आपल्यालाच 'वाटते' आहे की काय, अशी शंका मलाही येऊ लागली होती.

कोणीतरी कल्याणला वालधुनीकडच्या एका मिस्त्रींचे नाव सुचवले. साठीकडे झुकलेले, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. त्यांनी बॉनेट उघडले नाही की स्कॅनर काढला नाही. आधी मी सांगत होते ते सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "गाडी तुम्ही चालवता ना ताई? मग तुम्हीच बसा. मी बाजूला बसतो." दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनगावच्या बाजूला आम्ही गेलो. ते खिडकीबाहेर पाहत होते. परत आल्यावर एवढेच बोलले, "तुमचा हात बरोबर सांगतो."

महिनाभर मी या वाक्याची वाट पाहत होते.

मग स्कॅनर निघाला. पण क्रमांक पाहण्यासाठी नव्हे. त्याच्यावर कोनमापकाचे चालू आकडे दिसतात. ते मांडीवर घेऊन मिस्त्री पुन्हा माझ्याबरोबर रस्त्यावर आले. गाडी नाकासमोर चालली होती, चक्र माझ्या डोळ्यांना सरळ दिसत होते, आणि आकडा होता 'डावीकडे ११'. "म्हणजे सेन्सर बिघडलाच की!" मी म्हटले. "थांबा," म्हणाले. गॅरेजमध्ये येऊन त्यांनी चक्र डावीकडे अगदी अडेपर्यंत फिरवायला लावले: ५२०. उजवीकडे अडेपर्यंत: ५२०. पुन्हा केले, तेच. मग चक्र डोळ्यांना सरळ दिसेल असे धरून तिथून मोजले, तर डावा फेरा आखूड आणि उजवा लांब. "सेन्सर दोन्हीकडे सारखं मोजतो. त्याचं शून्य बरोबर मध्यावर आहे. खोटं बोलतोय ते हे," असे म्हणून त्यांनी चक्रावर टिचकी मारली.

हा कोनमापक एकाहून अधिक फेऱ्या कशा मोजतो, हे कोडे मला पडले होते. त्याच्या आत दांड्याबरोबर फिरणारे एक दातेरी चाक असते आणि ते दोन छोट्या चाकांना फिरवते. या दोन चाकांच्या दातांत एकाचा फरक. त्यामुळे दोघांच्या स्थितीची जोडी मिळून फेरा कितवा ते ठरते. घरी सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांना एका झटक्यात समजले. "पंचांगासारखंच की! नुसता सोमवार म्हटलं तर कुठला सोमवार ते कळत नाही. सोमवार आणि रोहिणी म्हटलं की नेमका दिवस सापडतो." पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी याहून चांगले सांगितले नसते.

पुढचा शोध मिस्त्रींनी न बोलता केला. बॅटरीची तार सोडली आणि चहा मागवला. चक्रात एअरबॅग असते. तार सोडली तरी तिच्यातली वीज विरायला थोडा वेळ द्यावा लागतो, नाहीतर ती मिस्त्रींच्या तोंडावरच उघडायची. चहा संपल्यावर चक्र उतरवले. दांड्यावर आणि चक्राच्या बुंध्यावर कारखान्यात मारलेल्या दोन खुणा होत्या. त्या समोरासमोर हव्यात. त्या एका दाताने चुकल्या होत्या. दात छत्तीस. म्हणजे एका दाताला दहा अंश. अकरांपैकी दहांचा हिशेब तिथेच लागला. उरलेला एक अंश माझ्या डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते.

"हे कोणी काढलं होतं?" त्यांनी विचारले. तेव्हा यांना आठवले. मे महिन्यात शीळ रस्त्यावर उजवे चाक एका खोल खड्ड्यात आपटले होते. चक्र तिरके दिसू लागले म्हणून यांनी रस्त्यावरच्या एका टायरवाल्याकडे गाडी नेली, आणि त्याने पाच मिनिटांत तीनशे रुपयांत ते 'सरळ' करून दिले. कसे केले ते यांनी पाहिले नव्हते. त्याने चक्र उपसून एक दात सरकवून परत बसवले होते. चाकाला जोडणारा उजवा टाय-रॉड वाकला होता तो वाकलेलाच राहिला. दिसणारे तिरकेपण तेवढे गेले! पुढच्या टायरांची आतली कड खरवडून निघाली होती, तीही मिस्त्रींनी बोट फिरवून मला दाखवली.

मी विचारले, "स्कॅनरवरून याला नवे शून्य देता येते म्हणतात. ते दिले असते तर?" मिस्त्री म्हणाले, "दिवा विझला असता. तुम्हीपण खूश, मीपण खूश. रॉड वाकडाच." शून्य द्यायचे ते अगदी शेवटी, असा त्यांचा क्रम. आधी नवा टाय-रॉड, मग चक्र खुणेवर, मग टायरमधली हवा, मग चक्र मध्यावर जखडून चारही चाकांचे अलाइनमेंट, आणि सगळे संपल्यावर स्कॅनरवरून कोनमापकाला 'हे सरळ' असे सांगणे. बिल तीन हजार चारशे रुपये. दिव्याने ज्याच्यावर आळ घेतला होता तो भाग होता तसाच राहिला.

काढलेला टाय-रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माझ्या हाती दिला. हातात धरून पाहिला तर तो वाकलेला आहे असे शपथेवरही सांगता येईना. घरी यांनी तो फरशीवर घरंगळवला, तेव्हा एका बाजूला जरा थबकत, दुसऱ्या बाजूला पटकन लवंडत, लंगडत लंगडत तो सोफ्याखाली गेला.

त्यानंतरची दोन्ही इंजेक्शने वेळेवर झाली. बायपासच्या त्या वळणावर आता काही होत नाही. सासूबाईंना डोळा झाकून वाचावे लागत नाही. यांना मात्र नवा छंद जडला आहे. सोसायटीत कोणाची गाडी उभी दिसली की तिच्यात शिरून चक्र डावीकडे किती आणि उजवीकडे किती फिरते ते मोजतात. आतापर्यंत एक वाकडी सापडली आहे. तिच्या मालकाला ते अजून पटलेले नाही.