घंटा आणि डावा हात

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरोघरच्या आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देऊन येणे हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. त्या वाटेवर केळीच्या वाडीच्या कडेला एक घर लागते. घरातले वृद्ध गृहस्थ एके काळी गायकवृंदात खालच्या पट्टीत गात. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. उरला एकच शब्द, ‘बरं’. होकाराला बरं, नकारालाही बरं. आणि रागावले की त्याच ‘बरं’ला अशी धार चढे की सून चहाचा कप उचलून बाजूला होई.

त्यांच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. इस्पितळातून ते घरी आल्यावर आम्ही भेटावयास गेलो आणि त्यांना समज कितपत आहे ते पाहावे म्हणून म्हणालो, “बाबा, क्रुसाची खूण करा पाहू.” उजवा हात तर निर्जीवच होता. डावा मात्र धडधाकट. पाण्याचा तांब्या त्याच हाताने ते तोंडाला लावीत. तो हात वर आला, कपाळापाशी घोटाळला, कानाकडे वळला आणि मूठ मिटून मांडीवर पडला. आम्ही पुन्हा सांगितले. पुन्हा तेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तेही आम्ही आजाराच्या खाती मांडले. बाळपणापासून अंगवळणी पडलेली खूण ज्याला जमत नाही त्याची समजच गेली असणार, असे ठरवून आम्ही मोकळे झालो. रुग्णाभ्यंग दिला, दरमहा ख्रिस्तशरीर देत राहिलो. परंतु पापनिवेदनाचा विषय सात-आठ महिने काढला नाही.

मग एका संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो असता देवळाची त्रिकाळ प्रार्थनेची घंटा झाली. आमचे बोलणे थांबण्याआधीच त्यांचा डावा हात उठला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. कोठे अडखळला नाही. आम्ही सुनेकडे पाहिले. ती म्हणाली, “फादर, हे रोजचंच आहे. घंटा झाली की बाबा करतात.” आम्ही कधी विचारले नव्हते, म्हणून तिने कधी सांगितले नव्हते.

आमच्या धर्मग्रामातील एका डॉक्टरांनी त्याचा उलगडा केला. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्धात असतात आणि उजव्या अंगाची हालचालही तोच अर्ध चालवितो. दोहोंना रक्त पुरविणारी मुख्य रोहिणी एकच; ती तुंबली की उजवा हात आणि शब्द पुष्कळदा बरोबरच जातात. हे आम्ही ऐकून होतो. पण शिकून घेतलेल्या खुणांची जुळणी, मग त्या कोणत्याही हाताने करावयाच्या असोत, बव्हंशी त्याच डाव्या अर्धात होते, हे आम्हांला नवे होते. म्हणून तेथे इजा झाली की बळ शाबूत असलेला डावा हातही सांगितलेली खूण करताना चुकू शकतो. समज असते, इच्छा असते, आणि तरीही हात वाट चुकतो. तोच हात नेहमीच्या प्रसंगी, कोणी न सांगता, बिनचूक चालतो. आज्ञेवरून क्रुसाची खूण न जमणारा रुग्ण देवळात शिरताच ती करतो, हे तर डॉक्टरांमध्ये नेहमीचे उदाहरण आहे, असे कळल्यावर आम्ही ओशाळलो. गुरुविद्यालयात आम्हांला बुद्धी आणि इच्छाशक्ती यांचे तत्त्वज्ञान शिकविले होते. हाताचे कोणी शिकविले नव्हते.

वाचाघाताच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे पॅरिसजवळील बिसेत्र इस्पितळातील लबोर्न्य. त्याला ‘तां’ हा एकच उच्चार आणि रागाच्या भरात एक शिवी, एवढेच येत असे. त्याची वाचा आधी गेली आणि उजवा हात सुमारे दहा वर्षांनी; म्हणजे या दोन आपत्ती शेजारी असल्या तरी एक नव्हेत. १८६१ साली पॉल ब्रोका यांनी त्याला विचारले, येथे किती वर्षे झाली? त्याने चालत्या हाताची बोटे चार वेळा उघडली आणि वर एक बोट दाखविले. एकवीस. हिशेब बरोबर होता. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा आपली परीक्षा चालली आहे हे त्याने ओळखले आणि तो संतापला. हे वाचताना आम्हांला आमच्या वृद्धांच्या डोळ्यांतले पाणी आठवले.

त्याच्याही आधी, १७४५ साली, स्वीडनच्या ओलोफ दालिन यांनी उजवे अंग लुळे पडलेल्या एका मुक्या माणसाची हकीकत लिहून ठेवली आहे. कोणी आरंभ करून दिला की तो जुनी भक्तिगीते स्पष्ट गाई आणि काही प्रार्थनाही एका ठेक्यात म्हणे. पुढे १९७३ साली बोस्टनमधील तिघा तज्ज्ञांनी गाण्याच्या चालीवर बोलणे शिकविण्याची रीत मांडली. तीत एकेका अक्षराबरोबर रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरतात. सर्वांना तिचा गुण येतो असे नाही. आम्ही मात्र आता वृद्धांचा डावा हात हाती घेऊन मारियेच्या एका जुन्या गीताची पहिली ओळ उचलतो. दुसरीत ते खालच्या पट्टीत येऊन मिळतात, शब्दांसह. गीत संपले की पुन्हा ‘बरं’.

ज्याला बोलता येत नाही त्याने खुणांनी पापनिवेदन करावे, ही ख्रिस्तसभेची जुनीच रीत आहे. त्यांच्या ‘बरं’वर विसंबण्यात अर्थ नव्हता. आम्ही एकेका आज्ञेचे नाव घ्यावे आणि सांगावयाचे असेल तेथे त्यांनी आमचा हात दाबावा, असे ठरले. सून दार लोटून वाडीत गेली. आरंभ आम्ही आपल्यापासून केला. पहिल्या भेटीतील त्या परीक्षेबद्दल त्यांची क्षमा मागितली. ते बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “बरं.” त्यापुढचे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही.