शिबिर संपल्यावर

राष्ट्रीय सेवा योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, ही तिची चौकट. श्रमदान, वृक्षारोपण, सर्वेक्षण ही नेहमीची कामे. सर्वेक्षणात मात्र गाव बहुधा उत्तरे देण्यापुरतेच उरते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे वेगळी रीत रुजली. अभ्यासगटात गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक एकत्र बसून जंगलाचा विचार करत. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. शिबिरातील सर्वेक्षणातही असेच प्रश्न गावाने ठरवावा, निष्कर्ष आधी गावात वाचला जावा. मग संशोधनाला सेवा वेगळी जोडावी लागत नाही.