झरीतली दुपार

वाशीत आमच्या सोसायटीच्या कुंपणभिंतीवर वारली शैलीतला तारपा नाच रंगवलाय. मला ती भिंत बघवत नाही. ज्यांची चित्रं आपण हौसेनं रंगवतो, ती माणसं दोन पिढ्यांपूर्वी कुणाची तरी मालमत्ता होती, हे तिथे कुणाच्या गावी नसतं. त्या दिवसांत मी हैतीबद्दल झपाटल्यासारखी वाचत होते. १७९१ साली उसाच्या मळ्यांतले गुलाम उठले आणि १ जानेवारी १८०४ ला त्यांनी फ्रेंचांना घालवून आपला देश उभा केला. मग वारल्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' पुन्हा हाती घेतलं, आणि तलासरीला निघालेच.

डहाणूचा समुद्र, चिकूच्या वाड्या, सगळं आलं नि गेलं. मन तलासरीतल्या झरी गावात होतं.

झरीत एका कुडाच्या घरात आजोबा भेटले. ऐंशी कधीच ओलांडलेले. "बस बाय," म्हणाले, आणि सुनेनं नागलीची भाकरी नि उडदाची आमटी पुढे ठेवली. आमटी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. तरी दुसऱ्यांदा मागितली.

"माझा बाप लग्नगडी," आजोबा म्हणाले. लग्नासाठी शेठकडून कर्ज घ्यायचं आणि त्यापायी नवरा-बायको दोघांनी जन्मभर त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब शेठच्या वहीत. मुंबईच्या तबेल्यांना जाणारं गवत हेच लोक कापायचे. गवताची मूठ कशी धरायची, विळा कसा जमिनीलगत फिरवायचा, ते आजोबांनी बसल्या जागी हातवारे करून दाखवलं. उजव्या हाताची तर्जनी अजून तशीच वाकते.

२३ मे १९४५ ला याच झरीत पाच हजारांच्या आसपास वारली जमले आणि त्यांनी शपथ घेतली: वेठ करणार नाही, बारा आणे रोजाशिवाय काम नाही. "बापानं सांगितलं, त्या रात्री कुणी घरी झोपलंच नाही. शेठच्या दारात जायचं नव्हतं ना सकाळी!" हे सांगताना आजोबा ताठ बसले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. त्यांतल्या जेठ्या गांगड यांचं नाव आजोबांनी हात जोडून घेतलं. किसान सभेचा लाल बावटा मात्र खाली आला नाही. १९५४ मध्ये परुळेकरांच्या पुढाकारानं किसान सभेचे वारली पलीकडच्या नगर हवेलीत शिरले आणि पोर्तुगीजांना हुसकावण्यात त्यांनीही वाटा उचलला. सिल्वासाच्या मुक्तीची गोष्ट सांगताना आपण सुधीर फडक्यांचं नाव अभिमानानं घेतो, घ्यावंच; या माणसांचं का घेत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

मी आजोबांना हैतीची हकिगत सांगितली. भाकरी कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, "मग पुढं सुखी झाले?"

सांगावं लागलं. १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका पाठवून हैतीकडून पंधरा कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली, गुलाम नि जमिनी गमावल्याबद्दल. पुढे ती नऊ कोटींवर आली. पण ती भागवायला काढलेल्या कर्जांचा फास विसाव्या शतकापर्यंत सुटला नाही.

"म्हणजे अख्खा देश लग्नगडी केला."

"हो."

"आणि हप्ता कोण भरत होतं?"

"कॉफी पिकवणारे शेतकरी. सरकार कॉफीवर कर लावायचं."

आजोबांनी सुनेला हाक मारली, "ऐकलंस का गं, पोरांनाही बोलाव," आणि मला म्हणाले, "आता हे पहिल्यापासून सांग."