घरचा गंजिफा

मुलांनो, गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ आहे. बाबराच्या आठवणींत १५२७ साली त्याचा उल्लेख येतो. सावंतवाडीत ही पाने आजही हाताने रंगवतात. मोगल गंजिफ्यात ९६ पाने, आठ रंग. प्रत्येक रंगात बादशहा, वजीर आणि एक्का ते दश्शी. पानांवर आकडे नसतात, चित्रे मोजायची! माझ्या दादीला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी असाच खेळ केला. जुन्या लग्नपत्रिकांतून ४८ गोल पाने कापली. रंग आपल्या भंडाऱ्याचे: धान, तलाव, पितळी लोटा, कोसा. तुम्ही केलात तर सर्व पानांच्या पाठीला एकच कागद चिकटवा, नाहीतर पान मागूनच ओळखू येते. धानाच्या दहा लोंब्या काढताना हात दुखतो खरा. दादी मात्र त्या झटकन मोजते. तलावाचा वजीर ढीवर असावा, असे ती म्हणते. मला बगळा हवा आहे. ते पान अजून कोरेच आहे.