थंड व कोरड्या जागी ठेवू नये

औषधाच्या बाटलीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे एकच वाक्य छापलेलं असतं : थंड व कोरड्या जागी ठेवा. भाच्याने पहिल्या पगारातून गिटार घेतली तेव्हा दुकानदाराने त्यालाही हेच सांगितलं. दुकान मुंबईत. तिथे कोरडी जागा शोधूनही सापडत नाही, त्यामुळे असले सल्ले खपून जातात. पण पुढे भाच्याला कंपनीने दोन वर्षांसाठी परदेशी पाठवलं आणि "मामा, सांभाळशील ना?" एवढं विचारून तो ती काळी पेटी आमच्याकडे, सायखेड्याला ठेवून गेला.

गोदाकाठचं गाव म्हणजे हवा ओलसरच असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, तिथले पाणपक्षी... २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर नदीच गावात शिरली होती. पण मार्च-एप्रिलची दुपार वेगळी. पहाटे २० अंश असताना हवेत ५० टक्के आर्द्रता असली, तर तेवढीच वाफ दुपारी ३८ अंशांना जेमतेम १८ टक्के भरते. वाफ कुठे जात नाही, तापलेल्या हवेची तहान वाढते. मग ती मिळेल तिथून पाणी ओढते. ओठांतून, माठातून, लाकडातूनही.

मार्चमध्ये एकदा पेटी उघडली. गिटारच्या दांडीवरून बोट फिरवलं तर कडेला काहीतरी टोचलं. पडद्यांच्या तारेची टोकं! तार धातूची, ती तेवढीच राहिली. खालची लाकडी पट्टी आटली. वरची फळीही किंचित आत बसली होती आणि जाड तार झणझणत होती. तडा मात्र नव्हता. म्हणजे अजून वेळ होती.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. गिटारची वरची फळी स्प्रूसची, जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि तिला आतून आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटवलेल्या. फळीला आक्रसायचं असतं, पट्ट्या तिला आक्रसू देत नाहीत. ही ओढाताण असह्य झाली की फळी रेषेत उकलते. (प्लायवूडच्या स्वस्त गिटारी सहसा अशा उकलत नाहीत. महाग वस्तूंचे नखरेही महाग!) चांगल्या गिटारी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रता राखलेल्या कारखान्यात जोडतात. ती हवा तिच्या अंगात मुरलेली असते.

दादा म्हणाला, "आईच्या तंबोऱ्याला कधी कुणी पाणी पाजलं होतं का रे?" मुद्दा बिनतोड वाटतो. आईचा मिरजेचा तंबोरा इतकी वर्षं गवसणी घालून त्याच खोलीत उभा आहे. पण तंबोऱ्याचा भोपळा आधीच महिनोन्महिने वाळवलेला, तबली गिटारच्या फळीपेक्षा जाड, आणि पडदे नाहीतच. हवा बदलली की तोही हलतो. आपण खुंटी पिळतो, तारेखालचा दोरा सरकवतो आणि त्याला सुरात आणणं म्हणतो. शिवाय फुटलेले भोपळे कुणी दिवाणखान्यात मांडून ठेवत नाही, त्यामुळे आपल्याला टिकलेलेच दिसतात.

खरी मदत झाली ती शेजारच्या द्राक्षबागायतदार काकांची. आमच्याकडे आर्द्रता हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही; डाऊनी आणि भुरीने तो सगळ्यांना घोकून घेतलाय. काकांनी बागेतला मीटर दिला, वर म्हणाले, "आधी तपासून घे, तो खोटं बोलतो." तपासायची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, विरघळणार नाही इतपत ओलं करायचं आणि मीटरबरोबर घट्ट डब्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दिसायला हवेत. दिसले ६९. म्हणजे दर वेळी सहा मिळवायचे.

उपाय साबणाच्या डबीचा. डबीला भोकं पाडायची, आत स्पंज ओला करून करकचून पिळून ठेवायचा आणि डबी पेटीत गिटारच्या डोक्याशी सरकवायची. थेंब लाकडावर पडता कामा नये. पाणी गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते. आमच्या बोअरच्या पाण्याने स्पंजावर क्षार धरतात. आणि पेटी बंद. अख्ख्या खोलीला ओलावा पुरवणं आपल्या आवाक्यातलं नाही, पेटीपुरता जमतो. कूलरच्या खोलीत ठेवली तर? हवा ओली होते खरी, पण लाईट गेली की पुन्हा कोरडी, आणि लाकडाला ही सारखी ये-जा सोसत नाही.

दोन आठवड्यांत फळी वर आली, झणझण गेली. टोचणारी टोकं निम्मी आत गेली आहेत, उरलेली कानशीने घासण्याआधी पावसाळा बघायचं ठरवलंय. भाचा व्हिडिओ कॉलवर रोज आधी आकडा विचारतो, मग माझी तब्येत. आज ४७ आहे. स्पंज आता चार दिवसांनी भिजवावा लागतो, मेअखेरीला बहुधा दोन दिवसांवर येईल. जूनमध्ये डबी काढून ठेवायची आणि त्याच जागी सिलिका जेलच्या पुड्या... पण त्या आणायच्या आहेत अजून.