थंडीत आखडणारा पाईप

जव्हार-मोखाड्यात पाईपमधलं पाणी गोठत नाही. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, एवढंच. तिकडे लेहमध्ये पाणी गोठून पाईप फुटतात, कारण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. आपल्याकडे ती भीती नाही, म्हणून उघड्यावरच्या पाईपला थंडीचं काहीच वाटत नाही, असं सगळे धरून चालतात. पाड्यांवरच्या पाणीयोजनांची देखभाल करताना मला वेगळं दिसलं.

मोखाड्यातल्या एका पाड्याला वरच्या झऱ्याचं पाणी उताराने येतं. कातळात चर खणणं जिकिरीचं, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी दिवाळीनंतरच्या भर उन्हात काळा एचडीपीई पाईप जमिनीवरच अंथरला, झऱ्यापासून टाकीपर्यंत अगदी सरळ रेषेत. थंडी पडली आणि सकाळी टाकी रिकामी सापडू लागली. पाईपचे नटाचे जोड निसटलेले असायचे. कुणीतरी मुद्दाम सोडतंय, असा संशय पसरला आणि शेजारच्या पाड्याशी धुसफूस सुरू झाली. बायका पुन्हा हंडे घेऊन झऱ्यावर जाऊ लागल्या. एक वारली आजोबा मात्र मला म्हणाले, "मानूस सोडत असता तर कदी दिवसा पन सुटला असता. ह्यो रातचाच सुटतोय."

आजोबांचं म्हणणं खरं होतं. हा पाईप तापला की लांबतो, गार झाला की आखडतो. १०० मीटर पाईपमध्ये दर दहा अंशांमागे १५ ते २० सेंटिमीटरचा फरक पडतो. दुपारी काळा पाईप हात लावू देत नाही इतका तापतो. रात्री झडप बंद असते, आतलं पाणीही गार होतं. म्हणजे चाळीसेक अंशांचा फरक, आणि सरळ ताणलेला पाईप पाऊण मीटरपर्यंत आखडू पाहणार. त्याला सैल जागाच नसेल तर तो जोडातून बाहेर येतो. धुसफूस मिटायला हे गणित पुरलं.

मग आम्ही सकाळच्या गारव्यात पाईप नव्याने टाकला, नागमोडी, थोडा सैल सोडून. नटाच्या जोडांऐवजी हीटरने जोड मारून घेतले. माती होती तिथे चर खणून पुरला. कातळावर दोन्ही बाजूंनी दगड रचून मधे मुरूम भरला. पाड्यातल्या माणसांनी स्वतः घमेली वाहिली.

त्या मुरमाचा खरा उपयोग होळीच्या सुमारास कळला. या भागात तेव्हा गवत वाळून कोळ झालेलं असतं. राब भाजताना किंवा मोहाखालचा पाला पेटवताना ठिणगी उडाली की डोंगर पेटतो. हा पाईप १३० अंशांच्या आसपास वितळतो. वणव्यापुढे उघडा पाईप काही मिनिटंही टिकत नाही. राब हा इथल्या नाचणी-वरीच्या शेतीचा भाग आहे, तो बंद करा म्हणणं मला पटत नाही. मातीखालचा पाईप मात्र वाचतो. कातळावर भर पातळ असते, म्हणून तिथलं गवत आधीच कापून जाळरेषा काढावी लागते.

याच मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देतं. पाड्यावरच्या माणसाला जलजीवन मिशनने ठरवलेले दिवसाचे ५५ लिटर तरी वर्षभर मिळावेत, आणि ते पाईप निसटला किंवा जळाला म्हणून अडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जव्हार-मोखाड्यातल्या प्रत्येक ग्रामसभेला माझी विनंती आहे: योजना ताब्यात घेण्याचा ठराव करण्याआधी झऱ्यापासून टाकीपर्यंत पायी चाला, आणि जिथे पाईप उघडा दिसेल तिथे तो झाकल्याशिवाय सही करू नका.